सज्ञान मुलाबरोबर कामीनो: सार्रिया ते सांतियागो, ११५ किमी (माहिती, शंका, सल्ले)

दगडफूल

साठीच्या आसपासचे आई किंवा बाबा आणि पंचवीस-तिशीतला मुलगा किंवा मुलगी अशा जोडीने स्पेनमधली कामीनो दे सांतियागो ही पदयात्रा करणाऱ्यांसाठी हा धागा. बसमधून सात देश दाखवणारी सहल वेगळी आणि हे वेगळं, म्हणून माहिती एका जागी हवी.

मूळ गोष्ट थोडक्यात. स्पेनच्या वायव्य टोकाला गॅलिसिया प्रांतात सांतियागो दे कोंपोस्तेला हे गाव आहे. तिथल्या कॅथेड्रलमध्ये येशूचा शिष्य संत याकोब याच्या अस्थी आहेत अशी श्रद्धा, आणि मध्ययुगापासून लोक तिथे चालत जातात. रस्ते अनेक. सर्वांत रुळलेला 'फ्रेंच मार्ग' फ्रान्सच्या सीमेवरून सुमारे ७८० किमीचा. पण 'कोंपोस्तेला' हे प्रमाणपत्र मिळायला पायी किमान १०० किमी पुरतात, त्यामुळे बहुतेक हौशी मंडळी सार्रिया या गावातून सुरुवात करतात. २०२४ मध्ये सांतियागोच्या यात्रेकरू कार्यालयात जवळपास ५ लाख लोकांची नोंद झाली, म्हणजे वाट निर्मनुष्य नाही हे धरून चाला.

नेहमीचे पाच टप्पे:
सार्रिया ते पोर्तोमारिन २२ किमी, तिथून पालास दे रेई २५, मग आर्थुआ २९, मग ओ पेद्रोउथो १९, शेवटी सांतियागो २०.

माझं मत: साठीच्या माणसाला हे पाच दिवसांत बसवू नका. पहिला टप्पा फेरेरोसला (१३ किमी) तोडा आणि २९ किमीचा टप्पा मेलिदेला (१५ + १४). सात दिवस होतात आणि गुडघे घरी परत येतात. २५ चा टप्पाही जड वाटला तर मध्ये वेंतास दे नारोनला मुक्काम करता येतो.

घाटमाथा

वाचनखूण साठवली. व्हिसाबद्दल लिहितो, कारण बहुतेक जोड्या तिथेच अडखळतात.

१. मूल १८ च्या वर असेल तर अर्ज स्वतंत्र. 'कुटुंबाचा एक अर्ज' असं काही नसतं. दोन्ही अर्जांत प्रवासाचा आराखडा मात्र अक्षरशः सारखा हवा. एकात १२ तारखेला पालास आणि दुसऱ्यात मेलिदे, असं झालं की प्रश्न आलेच.

२. शुल्क प्रौढांसाठी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचा सेवाआकार वेगळा. विमा किमान ३०,००० युरोंचा. पासपोर्ट मागच्या १० वर्षांत काढलेला, शेंगेनमधून (आपसांत सीमातपासणी नसलेल्या युरोपीय देशांचा गट, स्पेन त्यातच) बाहेर पडल्यावर किमान ३ महिने वैध, आणि दोन पानं कोरी.

३. निवृत्त आईवडिलांचा खर्च मुलगी करणार असेल तर तिचं पत्र, तिचं बँक स्टेटमेंट, प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि नात्याचा पुरावा. पण आईच्या नावावर पेन्शन असेल तर तिचंही स्टेटमेंट जोडाच. 'सगळं मुलगी बघते' असं कागदावर दिसण्यापेक्षा आईचं स्वतःचं उत्पन्न दिसलेलं कधीही बरं.

४. खरी गोम मुक्कामाच्या पुराव्यात आहे. गॅलिसिया सरकारच्या आल्बेर्गेत (यात्रेकरूंची धर्मशाळा म्हणा) आगाऊ नोंदणी होतच नाही, जो आधी येईल त्याला खाट. आणि व्हिसाला तर प्रत्येक रात्रीचा पत्ता हवा. तेव्हा खासगी आल्बेर्गे किंवा लॉज, रद्द करता येणारं बुकिंग, दोघांच्या नावाने.

५. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून चालतो, किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. मे महिन्यात जायचं तर जानेवारीत भेटीची वेळ घ्या.

मुलगा अमेरिकेत आणि आई नाशकात असेल तर ज्याने त्याने आपापल्या राहत्या ठिकाणी अर्ज करायचा आणि दुसऱ्याच्या अर्जाची प्रत जोडायची. मुलगा जर्मनीत कामाच्या परवान्यावर असेल तर त्याला स्पेनसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, फक्त आईला लागतो.

नाचणी

खाण्यापिण्याचं कोणीच बोललं नाही! शाकाहारी माणसाने तिकडे काय करायचं?

खडीसाखर

@नाचणी, उपाशी कोणी राहत नाही, पण शब्द नीट वापरावे लागतात. नुसतं 'शाकाहारी' म्हटलं तर ताटात मासा येऊ शकतो. वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन खामोन', म्हणजे मांस नको, मासा नको, डुकराचं हॅम नको. मिश्र सॅलडवर ट्यूना बाय डिफॉल्ट असतो, म्हणून 'सिन आतून'. काल्दो गायेगो हे पालेभाजी-बटाट्याचं सूप दिसायला आपल्या भाजीसारखं, पण बहुधा डुकराच्या चरबीत केलेलं, तेव्हा विचारल्याशिवाय घेऊ नका.

चालणारं: टोमॅटो चोळलेला पाव, पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या (बहुतेक गोड, एखादी ठसका लावते), आर्थुआचं मऊ चीज, फळं, आणि अंडं चालत असेल तर बटाट्याचं जाड ऑम्लेट. बदामाचा 'तार्ता दे सांतियागो' केक जरूर खा, त्यात अंडं असतं.

वेळा महत्त्वाच्या. दुपारचं जेवण १ ते ३:३०, रात्री बाहेरची स्वयंपाकघरं ८ नंतर. यात्रेकरूंची थाळी काही ठिकाणी ७ लाच मिळते, साधारण १२ ते १५ युरो. गावातली दुकानं दुपारी बंद आणि रविवारी तर कडेकोट, म्हणून शनिवारी संध्याकाळी दोन दिवसांचं घेऊन ठेवा.

आणि एक. तूप, पेढे, खवा, चीज बॅगेत घालू नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. मेतकूट, भाजके पोहे, शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याची वडी बिनधास्त. सरकारी आल्बेर्गेत स्वयंपाकघर असतं पण भांडी बऱ्याचदा नसतात, म्हणून नुसत्या गरम पाण्यात होईल असंच न्या.

आडवाटेचा

सगळं ठीक, पण यात अध्यात्म कुठे आलं? आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर आपल्याच दारात आहे. तिथे न जाता दीड लाखाचं तिकीट काढून स्पेनमध्ये चालायचं म्हणजे हौसेला दिलेलं गोंडस नाव. कटू वाटेल, पण वाटलं ते लिहिलं.

पायवाट

@आडवाटेचा, प्रश्न रास्त आहे. वारी आणि कामीनो यांतला फरक पाहिला की उत्तर मिळतं.

वारीत माणूस दिंडीत विरघळतो. सामान ट्रकमध्ये, जेवण दिंडीचं, केव्हा उठायचं आणि केव्हा थांबायचं ते विणेकऱ्याच्या मागे ठरलेलं. तिथे आई ही आईच राहते आणि मुलगाही मुलगाच, कारण भोवती आपली भाषा, आपली माणसं. कामीनोवर यातलं काहीच नाही. आईला मेनू वाचता येत नाही, ओळखीचं कोणी नाही, आणि 'अहो, यांच्या आई का तुम्ही?' असं विचारणाराही कोणी नाही. नात्यातला अधिकार सात दिवस आपोआप गळून पडतो. घरी निर्णय आईचे असतील तर इथे ते मुलीकडे जातात. घरी आधीच मुलीकडे गेले असतील तर इथे ते परत आणायची सोय करावी लागते. या दुसऱ्या प्रकाराकडे लोक दुर्लक्ष करतात.

म्हणून कामं निघण्याआधी वाटून घ्या, आणि वाटणी अशी की पालकाकडे खरी जबाबदारी येईल:
– फोन, नकाशा, बुकिंग: मूल.
– रोख रकमेचा सामाईक बटवा (दोघांनी दररोज ठरावीक युरो टाकायचे), यात्रेकरूच्या पुस्तिकेत दिवसाचे शिक्के घेणं, सकाळचा नाश्ता स्वतः ऑर्डर करणं: आई किंवा बाबा.

'आई तू बस, मी आणते' हे वाक्य आठवडाभर बंद. वर्गात नवीन विद्यार्थी असल्यासारखं 'दोस काफे कोन लेचे' (दोन दुधाच्या कॉफ्या) आईनेच म्हणायचं. पहिल्या दिवशी चुकेल, तिसऱ्या दिवशी दुकानदार हसून ओळख देईल. अध्यात्म वगैरे नंतर. पण साठीनंतर स्वतःच्या तोंडाने परक्या भाषेत काही मागणं आणि ते मिळणं याने माणसाचा कणा ताठ होतो, हे नक्की.

दगडफूल

+१. एक भर घालते. दोघांनी सतत शेजारी शेजारी चालायचा हट्ट हीच या जोडप्रवासातली सर्वांत मोठी चूक.

गणित बघा. साठीचं माणूस चढउतारासह ताशी ४ किमी, तिशीचं ५.५. मूल आईच्या वेगाने चाललं की पावलं आखूड पडतात आणि चारेक तासांनी नडगी आणि कंबर धरते, आणि त्याच सुमारास चिडचिड सुरू होते. आई मुलाच्या वेगाने चालली तर पाय बुटात घसरून फोड. दोन्हींत दोष कोणाचाच नसतो, पण भांडण होतं ते 'तू माझ्याकडे लक्षच देत नाहीस' यावरून.

उपाय: आईने पाऊण तास आधी निघायचं. ती ७ ला निघाली आणि मूल ७:४५ ला, तर आई ३ किमी पुढे असते, आणि मूल तिला पावणेदहाला साधारण ११ किमीवर गाठतं. सार्रियाहून पहिल्या दिवशी ही जागा मोरगादेच्या थोडी अलीकडे येते, तिथे कॉफी मिळते. अर्ध्या तासाचा फरक ठेवला तर भेट सव्वासात-साडेसात किमीवर. म्हणजे रोज सकाळचे दोन तास प्रत्येकाला स्वतःचे मिळतात, आणि भेटल्यावर सांगायला काहीतरी असतं.

वाट चुकायची भीती नको. दगडी खांबांवर पिवळा बाण, शिंपल्याची खूण आणि उरलेले किलोमीटर, तेही दशांशापर्यंत. हे पिवळे बाण याच वाटेवरच्या ओ सेब्रेइरो गावचे पाद्री एलियास वालिन्या यांनी १९८० च्या दशकात रंगवायला घेतले. फेरेरोस ओलांडलं की '१००' चा खांब लागतो, नावं लिहून लिहून त्याचा मूळ रंग दिसत नाही.

फक्त सप्टेंबरात जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: स्पेनचं घड्याळ सूर्यापेक्षा बरंच पुढे आहे. महिन्याच्या उत्तरार्धात सूर्योदय सव्वाआठच्या सुमाराला. सातला निघाल तर निलगिरीच्या झाडीत मिट्ट काळोख, कपाळाला बांधायचा दिवा हवाच. किंवा आठला निघा. मेमध्ये सव्वासातला उजाडतं.

नाचणी

दोन तास एकट्याने काय करायचं? हेडफोन लावून पॉडकास्ट?

पायवाट

लावू नका. मागून सायकली येतात, आणि ज्यासाठी गेलो तेच हुकतं.

ज्यांना नामस्मरणाची सवय आहे त्यांनी पावलांशी जोडून घ्या: चार पावलं श्वास आत, चार बाहेर, चढावर तीन-तीन. ज्ञानदेवांचा हरिपाठ चालत म्हटला तर साधारण अर्धा तास, म्हणजे आईच्या वेगाने दोन किलोमीटर. अंतर मोजायला याहून चांगलं यंत्र नाही 😀 ज्यांना नाम नको त्यांनी नुसतं मौन. पहिली वीस मिनिटं डोक्यात याद्या चालतात (गॅस, भाडेकरू, औषधं), मग आपोआप शांत होतं. झालं नाही तरी जबरदस्ती करू नका.

भेटल्यावरच्या गप्पांना एकच पथ्य: लग्न, नोकरी, फ्लॅट हे विषय सांतियागोपर्यंत वर्ज्य. सलग चालताना माणूस सैलावतो आणि आईला वाटतं आता विचारून घ्यावं. तिसऱ्या दिवशी मूल आपणहून बोलतं, जरा कळ काढा.

आणि @आडवाटेचा, वारीला पर्याय म्हणून कोणी हे सांगत नाहीये. २०२६ मध्ये तर आषाढी एकादशी आणि संत याकोबाचा सण एकाच दिवशी आलेत, २५ जुलै. त्या दिवशी कुठे असायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

आडवाटेचा

मान्य. अधिकार गळून पडण्याचा मुद्दा पटला. दिंडीतही थोडं होतं तसं, सगळेच 'माउली', पण गावचा माणूस भेटला की परत 'पाटलांची आई'.

शेवंती

पायांबद्दल लिहिते, कारण परत यावं लागतं ते बहुधा पायांमुळेच.

चढ फारसा त्रास देत नाहीत, उतार देतात. पहिली परीक्षा पोर्तोमारिनच्या आधी: विलाचा गावातून खाली तीव्र उतार, मग मिन्यो नदीवरचा लांब पूल, आणि पूल संपताच समोर उंच दगडी जिना. (जुनं गाव १९६० च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि चर्च दगड न् दगड सोडवून वर नेऊन परत बांधलं. दगडांवरचे क्रमांक अजून दिसतात, जरूर शोधा.) उताराच्या आधी थांबून बुटाची नाडी परत बांधा. वरच्या दोन भोकांतून आधी फास करून मग विरुद्ध नाडी त्यातून ओवून ताणा, टाच मागे बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. हे न केल्याने अंगठ्यांची नखं काळी पडतात.

बूट नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, आणि निघण्याआधी किमान १०० किमी वापरलेले. नवे बूट नेणं म्हणजे फोडांना आमंत्रण. सकाळी बोटांच्या मध्ये आणि टाचेला व्हॅसलीन, सुती मोजे नकोत (घाम धरून ठेवतात), दर दीड-दोन तासांनी बूट काढून पाय वाऱ्यावर. 'इथे जरा गरम लागतंय' असं वाटलं की तिथल्या तिथे टेप लावा. पुढच्या गावात लावू म्हटलं की फोड आलाच.

पाठीवरची पिशवी वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. आई ६० किलोची तर पाण्यासकट ६ किलो. जास्तीचं सामान स्पेनचं टपाल खातं आणि खासगी वाहतूकदार पुढच्या मुक्कामी नेतात, टप्प्याला साधारण ५ युरो. सकाळी आठच्या आत पुढच्या मुक्कामाच्या पत्त्याचं पाकीट बांधून पिशवी खाली ठेवायची. सरकारी आल्बेर्गेत हे सामान घेत नाहीत, खासगीतच पाठवा. औषधं, पासपोर्ट, पैसे कधीही त्या पिशवीत नाही. काठ्या विमानात केबिनमध्ये नेता येत नाहीत, चेक-इनमध्ये टाका.

मधुमेह असेल तर: रोज पाच-सहा तास चालण्याने साखर घरच्यापेक्षा बरीच खाली येऊ शकते. इन्शुलिन किंवा साखर पाडणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्रेबद्दल निघण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं, ग्लुकोज कमरेच्या पिशवीत ठेवावं, आणि ते कुठे आहे हे मुलाला माहीत असावं. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठी इंग्रजीत. आपत्कालीन क्रमांक ११२.

आणि मुलांनो, 'आई, दुखतंय का?' असं दर अर्ध्या तासाने विचारू नका. ती नाहीच म्हणणार. संध्याकाळी जिना उतरताना बघा. आडवी होऊन, कठडा धरून उतरत असेल तर दुसऱ्या दिवशी टप्पा अर्धा करा, उरलेल्याला टॅक्सी नको असेल तर एक मुक्काम वाढवा.

घाटमाथा

टॅक्सीवरून आठवलं. प्रमाणपत्र हवं असेल तर वाटेत गाडी घेऊ नका. 'क्रेदेन्सियाल' म्हणजे यात्रेकरूची घडीची पुस्तिका, दोन-तीन युरोंना मिळते. दिवसाला किमान दोन शिक्के लागतात. चर्च, आल्बेर्गे, बार सगळीकडे मिळतात, पण पहिला शिक्का सार्रियात, निघतानाच घ्या, हा विसरतात. पुस्तिका दोघांची वेगळी, आणि ती प्लास्टिकच्या पिशवीत. गॅलिसियात पाऊस कोकणासारखा अवेळी येतो आणि शाई पसरते.

खडीसाखर

हिंदू माणसाला ते प्रमाणपत्र देतात का?

पायवाट

देतात. नोंदणीत हेतू विचारतात: धार्मिक, आध्यात्मिक की इतर. पहिल्या दोन्हींना कोंपोस्तेला मिळतं, धर्म आड येत नाही. 'इतर'ला वेगळं स्वागतपत्र. कार्यालय कॅथेड्रलजवळ रुआ दास कारेतास या रस्त्यावर. आधी ऑनलाइन नोंद करा, मग क्रमांक घ्या. कोंपोस्तेला फुकट, अंतराचं प्रमाणपत्र ३ युरो, गुंडाळी ठेवायची नळी वेगळी. नाव लॅटिनमध्ये लिहितात.

फार कमी लोकांना ठाऊक असलेली एक सोय सांगतो. वारलेल्या किंवा आजारपणामुळे येऊ न शकणाऱ्या माणसासाठी चाललो असं नोंदवता येतं, प्रमाणपत्रावर 'विकारिये प्रो' आणि त्या व्यक्तीचं नाव येतं. एकटी आई आणि मूल असेल तर बाबांचं नाव घालायचं का, कोणाच्या कागदावर घालायचं, हे ओ पेद्रोउथोच्या मुक्कामी बोलून ठेवा. खिडकीसमोर उभं राहून ठरवायची गोष्ट नाही ती. मागे रांग असते.

कॅथेड्रलमधल्या 'मास' या प्रार्थनाविधीला (दुपारी १२ आणि संध्याकाळी ७:३०, अर्धा-पाऊण तास आधी जागा धरा) पाठीवरची पिशवी आत नेऊ देत नाहीत, आधी ठेवून या. प्रसादासारखी जी भाकरी देतात ती फक्त कॅथलिकांसाठी. रांगेत जाऊन हात छातीवर आडवे धरले की पाद्री नुसता आशीर्वाद देतात. 'बोताफुमेइरो' हे सुमारे ५३ किलोचं धुपाटणं आठ जण दोर ओढून झुलवतात, पण रोज नाही. सणांना किंवा कोणी खर्च उचलला तर. मिळालं तर बोनस, नाहीतर रुसू नका.

नाचणी

इंटरनेटवर एका लोखंडी क्रुसाचा फोटो दिसतो, लोक घरून आणलेला दगड तिथे ठेवतात. तो कितव्या दिवशी लागतो? पंचवटीतून गोदेचा गोटा न्यायचा विचार आहे.

दगडफूल

तो क्रूथ दे फेर्रो. सुमारे १५०० मीटर उंचीवर, सार्रियाच्या बराच अलीकडे. सार्रियाहून निघणाऱ्याला लागतच नाही. गोटा वजनाचा नसेल तर न्या, पण भलत्याच खांबावर ठेवू नका, तिथे आधीच बूट, रिबिनी आणि फोटोंचा उकिरडा झालाय.

तारखांचं शेवटचं: २५ जुलै रविवारी येतो ते पवित्र वर्ष. पुढचं २०२७. त्या वर्षी जायचं तर खासगी खोल्या फार आधी धरा, नाहीतर २०२८ बघा. मे, जून आणि सप्टेंबर उत्तम. सार्रियाला पोचायला सांतियागोहून लुगोपर्यंत बस आणि लुगोला बदलून पुढची. विमानातून उतरून त्याच दिवशी ही धावपळ करू नका, सांतियागोत एक रात्र झोपा. मोठी बॅग तिथेच ठेवून जाता येतं.

शेवंती

आणि शेवटच्या रात्री सांतियागोत दोन वेगळ्या खोल्या घ्या. सात रात्री वरच्या-खालच्या खाटांवर एकमेकांचं घोरणं ऐकल्यावर त्याची किंमत कळते. आल्बेर्गेसाठी कानातले बोळे प्रत्येकी दोन जोड्या.